भाचीसाठी लोकरीची शबनम: आधी विणा, मग आटवा

माझ्या पहिल्या लोकरी पिशवीला विणायला तीन आठवडे लागले. मग ती कढत पाण्यात साबण घालून पाऊण तास चोळली, आपटली, पुन्हा चोळली. हात लाल झाले, बाथरूमभर फेस झाला, आणि पिशवी बाहेर आली ती फक्त स्वच्छ होऊन. टाकान् टाका मोजता येत होता. आटायचं नाव नाही, कारण लोकर म्हणून जे आणलं होतं ते अ‍ॅक्रिलिक होतं. दुकानदारानं फसवलं वगैरे काही नव्हतं. मी ‘लोकर द्या’ म्हटलं, त्यानं दिली. विणायच्या कुठल्याही मऊ धाग्याला आपण लोकरच म्हणतो, मग तो मेंढीच्या अंगावरचा असो की कारखान्यातला.

त्यामुळे इथे विणायचं कसं हे थोडक्यात येईल आणि लोकर ओळखायची कशी हे जरा लांबवून. सुलट आणि उलट असे दोन टाके येत असतील तर ही पिशवी तुम्हाला जमेल. टाके थोडे वेडेवाकडे पडले तरी चालतात, कारण शेवटी ते दिसणारच नाहीत.

आटवायचं म्हणजे काय

चांगला लोकरी स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला गेला आणि बाहुलीच्या मापाचा होऊन बाहेर आला, हे बऱ्याच घरांत घडलेलं असतं. तोच अपघात आपल्याला मुद्दाम घडवून आणायचा आहे. मापापेक्षा मोठी, ढगळ पिशवी विणायची आणि ती पाण्यात आटवून घट्ट, जाड, नमद्यासारखी करायची. काश्मीर आणि कच्छमध्ये नमदा, म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण, करतात तो न विणता, लोकरीचे थर पाणी आणि साबण घालून दाबत, लाटत. आपण आधी विणतो, एवढाच फरक. ‘फेल्टिंग’ हा शब्द दोन्हीला चालतो.

लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक. लहानपणी गव्हाची ओंबी बाहीत घातली असेल तर आठवा: हात हलवला की ती वर वर सरकत जाते, मागे काही येत नाही. लोकरीचा केस तसाच एका दिशेनं सरकतो. गरम पाण्यानं आणि साबणानं तो मऊ आणि सुळसुळीत होतो, चोळल्यानं सरकतो, शेजारच्या केसांत गुंततो आणि तिथेच अडकून बसतो. यात चोळणं सगळ्यात महत्त्वाचं. नुसत्या गरम पाण्यात रात्रभर ठेवून काही होत नाही, त्याचं फक्त भिजत घोंगडं होतं.

आणि एकदा आटलं की आटलं. मागे फिरायची सोय नाही.

लोकर आणताना

पुण्यात तुळशीबाग, लक्ष्मी रोड, रविवार पेठेतली बोहरी आळी या भागात विणकामाचं सामान मिळतं. तिथे गेल्यावर ‘शंभर टक्के वूल, मशीन वॉशेबल नसलेलं’ असं स्पष्ट मागा. दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा. ‘मशीन वॉश चालेल’ किंवा ‘सुपरवॉश’ लिहिलेली लोकर असते खरीच, पण तिच्यावर प्रक्रिया करून खवले गुळगुळीत केलेले असतात. स्वेटरला ती उत्तम, आपल्याला बिनकामाची. अर्धी लोकर, अर्धं अ‍ॅक्रिलिक असं मिश्रणही नको. ते थोडं आटतं आणि मग हट्टाला पेटल्यासारखं थांबतं. पांढराशुभ्र रंगही शक्यतो टाळा. ब्लीच केलेली लोकर कधी आटते, कधी आटत नाही. गव्हाळ, करडा, तपकिरी असे मेंढीचे मूळ रंग बिनधास्त घ्या.

लेबलवर माझा फारसा विश्वास नाही, आणि लडी सुटी मिळाली तर लेबलच नसतं. मग दोन परीक्षा.

पहिली दुकानातच करता येते. वीतभर धागा मागून घ्या. तो मधोमध तोडा, दोन्ही तुटकी टोकं बोटांनी पिंजा, एकमेकांवर ठेवा, बाटलीतलं पाणी लावून तळहातांमध्ये अर्धा मिनिट जोरात चोळा. तळहात गरम झाले पाहिजेत. टोकं एकजीव होऊन धागा सलग झाला आणि हलक्या ओढीला टिकला, तर ही लोकर आटेल. नुसती ओली टोकं हातात आली तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. लोक बघतात, बघू द्या.

दुसरी परीक्षा घरची, मोठ्यांनीच करायची. बोटभर धागा चिमट्यात धरून सिंकवर पेटवा. खरी लोकर सावकाश जळते, ज्योत बाजूला केली की विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली की भुकटी होते. अ‍ॅक्रिलिक भराभर पेटतं, वितळतं आणि टोकाला टणक काळा मणी राहतो. तो मणी लगेच हातात धरू नका, मी धरला होता. मात्र जाळून लोकर आहे एवढंच कळतं. सुपरवॉशही तशीच जळते. त्यामुळे चोळायची परीक्षा चुकवू नका.

पेठेत नाहीच मिळाली तर खादी भांडारात विचारा, किंवा डिसेंबरात भीमथडी जत्रेसारखी प्रदर्शनं भरतात तिथे हिमाचल-काश्मीरकडचे विक्रेते आले आहेत का पाहा. हातकताईची लोकर कमीजास्त जाडीची असते, पण आटते छान. पुण्याच्या आसपास धनगरांचे वाडे उतरतात आणि दख्खनी मेंढीची लोकर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिची घोंगडी होते, हे सगळं मनात येतंच. पण ती लोकर राठ. घोंगडीला चिंचोक्याची खळ देऊन ती आणखी ताठ करतात. पाऊस अडवायला तो राठपणा कामाचा, पाच वर्षांच्या मुलीच्या मानेला मात्र टोचेल. तसं सूत मिळालं तर पिशवीला वापरा आणि पट्टा मऊ लोकरीचा करा.

पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या पिशवीला २०० ग्रॅम लोकर पुरते. एकाच खेपेला घ्या. रंगाचा घाणा बदलला की छटा बदलते, आणि दोन घाणे आटतातही वेगवेगळे.

सुया

आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे असतात: नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. १२ नंबर म्हणजे २.७५ मिमी, १० म्हणजे ३.२५, ८ म्हणजे ४ मिमी. आपल्याला २ नंबरची, म्हणजे ७ मिमीची जाड सुई हवी. नेटवरचे अमेरिकन नमुने बघून घोटाळा होतो, कारण तिकडचे नंबर बरोबर उलटे चढतात आणि त्यांची ८ नंबरची सुई ५ मिमीची असते. नंबर सोडा, मिलिमीटर विचारा.

नेहमीच्या स्वेटरच्या जाडीची लोकर दुहेरी घेऊन या जाड सुईवर विणायची. वीण जाळीसारखी, लाज वाटावी इतकी ढिली दिसेल. तशीच हवी. केसांना सरकायला जागा मिळाली तरच ते गुंततात; ज्यांचा हात घट्ट आहे त्यांची पिशवी आटत नाही, नुसती कडक होते.

नमुन्याचा चौकोन

कंटाळा आला तरी हे टाळू नका. दुहेरी लोकरीनं २० टाके घाला आणि एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा २८ ओळी विणून टाके बंद करा. माझा चौकोन साधारण साडेपंधरा सेंटिमीटरचा झाला. तो पुढे सांगितल्याप्रमाणे आटवला, वाळवला आणि पुन्हा मोजला: रुंदी १२, उंची १०. लोकर उभी जास्त आटते आणि आडवी कमी, हे इथे दिसतं. म्हणूनच नुसतं ‘दीडपट मोठं विणा’ या सल्ल्यावर जाऊ नये. तसं केलं की पिशवी बुटकी आणि पसरट होते.

आता हिशेब. मला तयार पिशवी २२ सेंमी रुंद आणि २० सेंमी उंच हवी होती, वर १२ सेंमीची झडप.

रुंदी: १२ सेंमीत २० टाके, तर २२ सेंमीत छत्तीसच्या वर थोडे. शिवणीत दोन्हीकडचा एकेक टाका जातो, म्हणून ३८.

उंची: १० सेंमीत २८ ओळी. पुढचा भाग २० सेंमी म्हणजे ५६ ओळी, मागचा तेवढाच, झडपेच्या ३४. एकूण १४६.

तुमचा चौकोन वेगळा आला तर तुमचे आकडे घाला, माझे नकोत. आणि चौकोन टाकून देऊ नका.

विणायला घ्या

३८ टाके घाला. घालताना दोन्ही सुया एकत्र धरून त्यांच्यावर घाला आणि मग एक काढून घ्या, म्हणजे सुरुवातीची कड ढिली राहते. कड घट्ट राहिली तर आटल्यावर पिशवीचं तोंड बटव्यासारखं आवळतं.

पहिल्या ६ ओळी सगळ्या सुलट. यानं कड गुंडाळत नाही. पुढे एक ओळ सुलट, एक उलट. नव्यानं शिकणाऱ्यांसाठी आठवण: सुलट विणताना धागा मागे आणि सुई टाक्यात पुढून मागे, उलट विणताना धागा पुढे आणि सुई मागून पुढे. ५६ वी आणि ११२ वी ओळ झाली की काठाला सुती दोऱ्याची खूण बांधा. सुती दोरा आटत नाही, नंतर ओढून काढता येतो. झडपेच्या शेवटच्या ६ ओळी पुन्हा सगळ्या सुलट, आणि टाके ढिले बंद करा.

मध्ये टाका गळला तर क्रोशाच्या सुईनं वर उचलून घ्या. लक्षात नाही आलं तर आटवण्याआधी त्याच लोकरीनं शिवून टाका. उघडं भोक आटत नाही, मोठं होतं. लोकर संपली तर गाठ मारू नका. मघाशी दुकानात केलं तसं टोकाला टोक लावून पाणी घेऊन चोळा, जोड मिळाला.

पट्ट्यासाठी ७ टाके घाला आणि सगळ्या ओळी सुलट विणत ९० सेंमी लांब पट्टी करा. ओळी मोजत बसू नका, टेपनं मोजा. आटल्यावर ती साधारण ५८ सेंमी राहते आणि दोन्ही टोकं शिवणीत गेली की ५० उरते. इतका पट्टा खांद्यावर अडकवायला होतो. आडवा, गळ्यातून घालायचा लांब पट्टा मी मुद्दाम करत नाही. मुलं पिशवीसकट घसरगुंडीवर चढतात आणि पट्टा कुठे अडकेल सांगता येत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला तर हातात धरायचा वीतभर बंदच करा, बटण अजिबात नको.

आता पिशवीचा मोठा तुकडा पहिल्या खुणेवर दुमडा, पुढचा भाग मागच्या भागावर आणा, दोन्ही बाजू शिवा. शिवायलाही तीच लोकर. साध्या दोऱ्यानं शिवलं तर पिशवी आटते, दोरा तेवढाच राहतो आणि शिवण चुणीदार होते. पट्ट्याची टोकं बाजूच्या शिवणीवर आतून चार-चार सेंटिमीटर खाली नेऊन शिवा.

या टप्प्यावर पिशवी घरात कोणाला दाखवू नका. माझ्या आईनं ‘हे पायपुसणं का?’ असं विचारलं होतं.

आटवण्याचा दिवस

सकाळ बरी, कारण सोसायटीच्या गच्चीवर सोलर असेल तर तेव्हा पाणी भरपूर गरम मिळतं. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर साबणाला फेस येत नाही, त्याऐवजी पांढरट साका बसतो. तेवढ्यापुरतं नळाचं पाणी भरून तापवा. लागेल ते असं: दोन बादल्या, एकीत हाताला जेमतेम सोसवेल असं गरम पाणी आणि दुसरीत गार, कपडे धुण्याचा साधा बार साबण, रबरी हातमोजे, जुनी काड्यांची चटई, टेप. लोकरीचे कपडे धुवायचं खास लिक्विड नको, ते लोकर आटू नये म्हणूनच असतं. आणि अंगावर जुना पंजाबी ड्रेस.

पिशवी गरम साबणपाण्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. मग पहिली दहा मिनिटं नुसती दाबा, कणीक मळतो तशी. लगेच खसाखसा घासलं तर एकाच जागी गोळे येतात. या वेळात पिशवी आटत नाही, उलट आणखी ढिली आणि लांब होते. इथे धीर सुटतो. सोडू नका.

पुढे चटईवर पसरून, साबण लावून, गोल गोल चोळा. चटईत गुंडाळून लाटण्यासारखी पुढेमागे फिरवा, मग पिशवी आडवी करून तसंच. दर पाच मिनिटांनी आत हात घालून पुढचा आणि मागचा भाग वेगळा करा. हे विसरलात तर दोन्ही भाग एकमेकांना चिकटतात आणि पिशवीची उशी होते. आत प्लॅस्टिकची पिशवी घालून ठेवली तर हा धोका जवळजवळ जातो. पाणी कोमट झालं की बदला. मध्येच गार पाण्यात बुचकळून पुन्हा गरम पाण्यात. शेवटी धुण्याच्या दगडावर चादर आपटतो तशी दहा-वीस वेळा आपटा. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी सांगून ठेवा.

अर्ध्या तासानंतर टाके धूसर होऊ लागतात. टाके ओळखू येईनासे झाले, पृष्ठभाग केसाळ आणि दाट झाला आणि टेपवर हवं ते माप आलं की थांबा. एक भाग मागे राहिला असेल तर तेवढाच चोळा. पट्टा ओला असतानाच ओढून दोन-तीन सेंटिमीटर वाढवता येतो.

मशीननंही होतं. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये ६० अंशांचा कार्यक्रम लावा, वरून उघडणाऱ्यात गरम पाणी बादलीनं ओता. सोबत दोन जुन्या जीन्स टाका, घासायला काहीतरी हवं. पिशवी उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा, नाहीतर लोकरीचा भुगा फिल्टरमध्ये जातो. पण समोरचं दार मध्येच उघडत नाही आणि आत काय चाललंय ते कळत नाही. नमुन्याचा चौकोन खुशाल मशीनला द्या. पिशवी मी हातानंच करते.

साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर, म्हणजे साबणाचा उरलेला क्षार जातो. पिळू नका, पीळ तसाच राहतो. टॉवेलमध्ये गुंडाळून वर उभं राहा.

वाळवणं आणि पुढचं

ओली पिशवी ज्या आकारात वाळेल तोच तिचा आकार. दोन-तीन जुने दिवाळी अंक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत घाला. कोपरे नीट येतात. झडप आपल्या जागी दुमडा, कडा हातानं सरळ करा आणि सावलीत, पंख्याखाली ठेवा. एप्रिलमध्ये दीड दिवस पुरतो, डिसेंबरात तीन लागतात. जुलैत हा उद्योग करू नका. मी एकदा केला, आठवडाभर हॉलमध्ये ओल्या मेंढीचा वास होता.

वाळल्यावर कात्रीचं काम. आटलेली लोकर कापली तरी उसवत नाही, म्हणून बटणाचं काजं आधी विणायची गरज नसते. झडपेवर बटणाच्या व्यासापेक्षा किंचित लहान चीर द्या. नारळाच्या करवंटीचं मोठं बटण शोभतं. पट्टा वजनानं लांबतो, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला सुती निवारीची अरुंद पट्टी शिवा. अस्तर मी लावत नाही. मुलं आत खडे, चिंचोके, अर्धं बिस्कीट असलं काहीही ठेवतात; अस्तराच्या कोपऱ्यात ते अडकून बसतं, लोकरीवरून झटकून निघतं.

नंतर धुवायची ती गार पाण्यात, हातानं, न चोळता. ठेवून द्यायची असेल तर कडुनिंबाची वाळलेली पानं आणि लवंगा सोबत ठेवा. डांबरगोळ्या मुलांच्या वस्तूत नकोत.

आणि तो नमुन्याचा चौकोन, १२ बाय १०? तो मागच्या भागावर आतून तीन बाजूंनी शिवला की खिसा होतो. माझ्या भाचीला पिशवीपेक्षा तो जास्त आवडला. त्यात काय आहे हे मावशीलाही सांगायचं नाही, असं ठरलेलं आहे.